रसिकांचे मेळावे : गोडी आणि कटुता



एखादें चांगलें पुस्तक वाचून संपलें कीं वाचकाला पहिली इच्छा होते ती तें दुसऱ्या कोणाला तरी सांगण्याची. दुःख एकट्यानें सोसतां येतें, परंतु आनंदाला वांटेकरी लागतो. घरांत असा वांटेकरी असला तर ठीकच. पण आपल्याला ज्याची गोडी लागली आहे त्याची गोष्ट काढतांच घरचीं माणसें जांभया देऊं लागलीं आणि मित्र हंसूं लागले, तर मनुष्यानें करावें काय? या साध्या अडचणींतून जगांत एक विलक्षण प्रघात जन्माला आला. एखाद्या प्रकारच्या कथांचे, चित्रमालिकांचे किंवा चित्रपटांचे निस्सीम चाहते दूरदूरच्या गांवांहून एका ठिकाणीं जमतात, दोन-तीन दिवस एकत्र राहतात, बोलतात, भांडतात, आणि पुढील वर्षीं पुनः येण्याचा निश्चय करून घरीं परततात. अशा चाहत्याला इंग्रजींत ‘फॅन’ म्हणतात व त्यांच्या मेळाव्याला ‘कन्व्हेन्शन’. या मेळाव्यांत लोकांना काय आवडतें आणि काय खुपतें, हें त्यांच्या इतिहासाच्या आधारें पाहावें, असा आजचा विचार आहे.

या इतिहासाचा आरंभ विज्ञानकथांच्या वाचकांपासून होतो. ह्यूगो गर्न्सबॅक नांवाचे मूळचे लक्झेंबर्गचे गृहस्थ अमेरिकेंत स्थायिक झाले होते. त्यांनीं एप्रिल १९२६ मध्यें ‘अमेझिंग स्टोरीज’ हें केवळ विज्ञानकथांना वाहिलेलें मासिक काढलें. त्यांत वाचकांचीं पत्रें छापलीं जात, आणि पत्रलेखकाच्या नांवाखालीं त्याचा पूर्ण पत्ताही दिला जाई. संपादकांच्या दृष्टीनें ही गोष्ट क्षुल्लक असेल. वाचकांच्या दृष्टीनें मात्र तींत एक नवें जग दडलेलें होतें. ज्या मुलाला आपल्या गांवांत या कथांचा दुसरा वाचक माहीत नव्हता, त्याला दोनशें मैलांवर आपल्यासारखाच एक वेडा राहतो हें एकाएकीं कळलें. मग संपादकांना लिहिण्याऐवजीं वाचक एकमेकांनाच लिहूं लागले. पत्रांतून हस्तमुद्रित पत्रिका निघाल्या, पत्रिकांतून मंडळें निघालीं, आणि १९३४ मध्यें गर्न्सबॅक यांनीं ‘सायन्स फिक्शन लीग’ स्थापून या मंडळांना एक छत्र दिलें.

पत्रमैत्रीची पुढची पायरी म्हणजे प्रत्यक्ष भेट. ऑक्टोबर १९३६ मध्यें न्यूयॉर्कचे मूठभर तरुण आगगाडीनें फिलाडेल्फियाला गेले व तेथील समानशीलांना भेटले. त्यांनीं या भेटीला मोठ्या थाटानें ‘अधिवेशन’ म्हटलें. नंतर ३ जानेवारी १९३७ या दिवशीं इंग्लंडांतील लीड्स शहरीं, थिऑसॉफिकल सभागृहांत, विसाच्या आंतबाहेर मंडळी रीतसर जमली. पुढें जगप्रसिद्ध झालेले आर्थर क्लार्क हे त्यांतलेच एक तरुण. आतां या दोहोंपैकीं पहिला मेळावा कोणता म्हणावयाचा? अमेरिकन म्हणतात, तारीख आमची आधींची. इंग्रज म्हणतात, मित्राच्या घरीं जमणें म्हणजे अधिवेशन नव्हे. आधीं योजलेली व सभागृह घेऊन भरविलेली सभा आमचीच. हा वाद अजून मिटलेला नाहीं, आणि तो मिटावा अशी त्यांतील कोणाचीही मनापासून इच्छा दिसत नाहीं. कारण असा वाद घालावयास मिळणें हेंच या मेळाव्यांचें एक मोठें सुख आहे.

या सर्वांचा कळस म्हणजे न्यूयॉर्कचें १९३९ चें अधिवेशन. त्या वर्षीं न्यूयॉर्कमध्यें प्रचंड जागतिक प्रदर्शन भरलें होतें व ‘उद्यांचें जग’ हा त्याचा विषय होता. भविष्यकाळाच्या कथा वाचणाऱ्यांना याहून चांगला मुहूर्त कोणता? त्यांनीं आपल्या मेळाव्यालाही ‘जागतिक’ हें विशेषण लाविलें. २ ते ४ जुलै या दिवसांत तो भरला आणि सुमारें २०० मंडळी जमली. अध्यक्ष सॅम मॉस्कोविट्झ यांनीं नुकतीच एकोणिसावी वर्षगांठ ओलांडली होती. सन्मान्य पाहुणे म्हणून चित्रकार फ्रँक पॉल यांना बोलाविलें होतें. मासिकाच्या मुखपृष्ठावर ज्यांचीं अग्निबाणांचीं व परग्रहांवरील नगरांचीं चित्रें पाहून मुलांनीं पैसे साठविले होते, तो मनुष्य आज समोर उभा होता. मूळ चित्रांचा लिलाव झाला. ‘मेट्रोपोलिस’ हा १९२७ चा जर्मन मूकपट दाखविण्यांत आला.

लॉस अँजेलिसहून अठरा वर्षांचा एक निर्धन मुलगा मित्राकडून पैसे उसने घेऊन, बसनें सबंध अमेरिका खंड ओलांडून या सभेला आला होता. त्याचें नांव रे ब्रॅडबरी. त्याला पैसे देणारे मित्र फॉरेस्ट अकरमन हे स्वतः भविष्यकाळांतील पोषाख अंगावर घालून आले. तो पोषाख त्यांच्या सहकारिणी मर्टल डग्लस यांनीं शिवला होता आणि त्याही तशाच वेषांत होत्या. रस्त्यावरचे लोक टकमक पाहत राहिले. पुढच्या वर्षीं शिकागो येथें वेषांतराचा समारंभच झाला. आज जगभर अशा मेळाव्यांतून हजारों तरुण-तरुणी आवडत्या पात्रांचे वेष घेऊन हिंडतात आणि त्याला ‘कॉसप्ले’ म्हणतात. हा शब्द १९८३ मध्यें जपानांत घडला; परंतु त्या प्रथेची पहिली शिवण मर्टल डग्लस यांच्या हातची आहे.

येथवर ऐकून कोणालाही वाटेल कीं तो सोहळा निर्भेळ आनंदाचा झाला असेल. तसें झालें नाहीं. न्यूयॉर्कच्या चाहत्यांत आधींपासूनच दोन तट पडले होते. ‘फ्यूचेरियन’ नांवाच्या एका मंडळांतील तरुणांचें म्हणणें असें कीं, ज्याला विज्ञानाची आवड आहे त्यानें समाजाच्या भवितव्याचाही विचार केला पाहिजे. त्यांतले कांहीं उघड डाव्या मतांचे होते. अधिवेशनाच्या चालकांना हें राजकारण नको होतें. दाराशीं चालकांवर टीका करणारीं पत्रकें आढळलीं, तेव्हां हे लोक सभा उधळतील अशी भीति चालकांना वाटली. मॉस्कोविट्झ यांच्या म्हणण्याप्रमाणें, शिस्तीनें वागण्याचें वचन द्या आणि आंत या, असें त्यांनीं सांगितलें. परंतु वचन देण्यास नकार मिळाला. परिणाम असा झाला कीं सहा जणांना दारांतूनच परत फिरावें लागलें. डोनाल्ड वोल्हाइम, फ्रेडरिक पोल, सिरिल कॉर्नब्लुथ, रॉबर्ट लाउंड्स, जॉन मिशेल आणि जॅक गिलेस्पी हे ते सहा. मौज अशी कीं, ज्यानें तें पत्रक काढलें तो डेव्ह काइल मात्र आंत शिरला होता! त्याच मंडळांतील आयझॅक असिमॉव्ह हेही आंत गेले. त्यांची पहिली कथा नुकतीच छापून आली होती आणि त्यांना कोणी अडविलें नाहीं. पण मित्र बाहेर असतां आपण आंत बसलों याची रुखरुख त्यांना पुढें वाटत राहिली.

चालकांचा पक्षही आपण समजून घेतला पाहिजे. एकोणीस-वीस वर्षांचीं तीं मुलें होतीं. पदरचे पैसे व कित्येक महिन्यांचे श्रम त्यांनीं ओतले होते. लग्नघरीं ऐन मुहूर्तावर कोणी तंटा काढील अशी धास्ती यजमानाला असते, तशीच त्यांना होती. तरीही बाहेर राहिलेल्यांच्या मनाला जी जखम झाली ती या समजुतीनें भरून निघत नाहीं. शाळेंत, घरांत, शेजारींपाजारीं ज्याला कोणी आपला म्हणत नाहीं, तो ज्या एका ठिकाणीं ‘येथें तरी मी आपल्यांत आलों’ म्हणून धांवत येतो, तेथलेंच दार त्याच्या तोंडावर लागावें, याहून कडू अनुभव कोणता? परक्यानें लोटलें तर मनुष्य विसरतो. समानधर्म्यानें लोटलें तर तें विसरत नाहीं. त्या प्रसंगाविषयीं दोन्ही पक्ष पुढें कित्येक वर्षें लिहीत राहिले.

काळानें मात्र त्याचा निवाडा आपल्या रीतीनें केला. बाहेर ठेवलेल्यांपैकीं पोल हे मोठे संपादक व कादंबरीकार झाले. त्यांनीं आणि कॉर्नब्लुथ यांनीं मिळून लिहिलेली ‘द स्पेस मर्चंट्स’ ही १९५३ ची कादंबरी जाहिरातबाजीच्या राज्यावरील उपरोध म्हणून आजही वाचली जाते. वोल्हाइम यांनीं १९७१ मध्यें स्वतःची प्रकाशनसंस्था काढली. ज्या जागतिक अधिवेशनाच्या दाराशीं हे दोघे अडविले गेले होते, त्याच अधिवेशनानें १९७२ मध्यें पोल यांना आणि १९८८ मध्यें वोल्हाइम यांना सन्मान्य पाहुणे म्हणून बोलाविलें. कॉर्नब्लुथ १९५८ मध्यें, वयाच्या अवघ्या चौतिसाव्या वर्षीं वारले. तेवढें आयुष्य त्यांना मिळालें नाहीं.

महायुद्धामुळें १९४२ ते १९४५ हीं चार वर्षें अधिवेशन भरलें नाहीं. १९४६ मध्यें लॉस अँजेलिस येथें तें पुनः सुरू झालें. १९५३ मध्यें फिलाडेल्फिया येथें उत्तम लेखनासाठीं पारितोषिकें दिलीं गेलीं, आणि गर्न्सबॅक यांच्या सन्मानार्थ त्यांना ‘ह्यूगो’ हें नांव पडलें. या अधिवेशनाचें एक वैशिष्ट्य सांगण्यासारखें आहे. तेथें येणारा तिकीट काढून आलेला प्रेक्षक नसतो. वर्गणी भरून तो सभासद होतो, पारितोषिकांसाठीं मत देतो, आणि पुढील अधिवेशन कोठें भरावें हेंही मतानेंच ठरवितो. चालक बिनपगारी असतात. नांवाजलेला लेखक आणि काल वाचूं लागलेला मुलगा एकाच भोजनगृहांत शेजारीं बसलेले सांपडतात. सभागृहांतील भाषणांपेक्षां बाहेरच्या सोप्यांतील गप्पांतच खरा रस असतो, असें नेहमी जाणारे लोक सांगतात. २०२० च्या साथीच्या वर्षीं न्यूझीलंडचें अधिवेशन केवळ संगणकाच्या पडद्यावर भरलें, तेव्हां त्याचा प्रत्यय आला. भाषणें तींच होतीं, वक्तेही तसेच होते. पण दोन भाषणांच्या मधला सोपा नाहींसा झाला होता. उलट, ज्यांना विमानाचें भाडें कधीं परवडलें नसतें किंवा आजारपणामुळें प्रवास झेपला नसता, त्यांना त्याच पडद्यानें पहिल्यांदां दार उघडलें. एकाची उणीव ती दुसऱ्याची सोय झाली.

मेळावे वाढले तशी त्यांची प्रकृति बदलली. जानेवारी १९७२ मध्यें ‘स्टार ट्रेक’ या दूरचित्रवाणीवरील मालिकेच्या चाहत्यांनीं न्यूयॉर्कमध्यें मेळावा भरविला. मालिका बंद पडून तीन वर्षें झालीं होतीं. चालकांना पांचशें लोकांची अपेक्षा होती आणि आले तीन हजारांवर. सॅन दिएगो येथें ऑगस्ट १९७० मध्यें चित्रकथांच्या वाचकांचा मेळावा एका हॉटेलांत सुमारें तीनशें लोकांनिशीं भरला होता; आज त्याच मेळाव्याला लाखाहून अधिक लोक लोटतात. तेथील मोठ्या सभागृहांत साडेसहा हजार माणसें मावतात, आणि आंत जागा मिळावी म्हणून लोक आदल्या रात्रीं पदपथावर पथारी टाकून निजतात. जुन्या मंडळींची तक्रार अशी कीं, चित्रकथांच्या नांवानें सुरू झालेल्या या यात्रेंत आतां चित्रपटकंपन्यांच्या जाहिरातींचाच जयघोष आहे. नट-नट्यांच्या सहीला पैसे, त्यांच्या शेजारीं उभें राहून छायाचित्र काढण्यास पैसे, खोलीचें भाडें दुप्पट, आणि दिवसाचा अर्धा भाग रांगेंत. घरीं परतल्यावर चार दिवस सर्दी-खोकला येतो तो निराळाच. गर्दीच्या या प्रसादाला तेथील लोकांनीं एक थट्टेचें नांवही ठेवलें आहे.

स्त्रियांचा अनुभव वेगळा सांगितला पाहिजे. ‘स्टार ट्रेक’चा तो पहिला मोठा मेळावा उभा करण्यांत स्त्रिया पुढें होत्या, ती मालिका बंद पडूं नये म्हणून पत्रांची मोहीम चालविण्यांतही त्याच अग्रभागीं होत्या. असें असूनही, वेष घेऊन आलेल्या मुलींना धक्काबुक्की, नको तो स्पर्श आणि न विचारतां काढलेलीं छायाचित्रें हा त्रास दीर्घकाळ सोसावा लागला. आपला वेष ही कोणाला परवानगी नव्हे, हें २०१४ मध्यें न्यूयॉर्कच्या मेळाव्यांत मोठ्या फलकांवर लिहून लावावें लागलें. फलक लागले हें चांगलें झालें. ते लावण्याची पाळी यावी हें मात्र त्या रसिकतेला भूषणावह नव्हे.

आतां जपानकडे वळूं. १९७५ मध्यें तेथील चित्रकथाप्रेमींच्या एका प्रस्थापित मेळाव्यावर एका चाहतीनें टीका केली, म्हणून तिला प्रवेश नाकारण्यांत आला. न्यूयॉर्कच्या १९३९ च्या प्रसंगाचीच ही पुनरावृत्ति. परंतु येथें तिच्या बाजूच्या तरुणांनीं केवळ निषेध करून न थांबतां दुसरा मेळावाच उभारला. २१ डिसेंबर १९७५ रोजीं टोकियोंत तो प्रथम भरला. ३२ मंडळांनीं स्वतः छापलेलीं पुस्तकें विक्रीस मांडलीं व सुमारें ७०० लोक आले. त्यांत शाळकरी मुलींचा भरणा मोठा होता. ‘कॉमिकेट’ या नांवानें ओळखला जाणारा हा मेळावा पुढें इतका वाढला कीं कांहीं दिवसांत पांच लाखांवर लोक येऊं लागले. तेथील एक तत्त्व मननीय आहे: येथें कोणी गिऱ्हाईक नाहीं आणि कोणी पाहुणा नाहीं, विकणारा, विकत घेणारा आणि व्यवस्था पाहणारा हे सर्व सारखेच सहभागी. एका बंद दारानें दुसरें रुंद दार कसें उघडविलें, याचें हें उदाहरण आहे.

दार बंद करण्याची रीत मात्र काळाबरोबर सूक्ष्म होत गेली. २०२३ चें जागतिक अधिवेशन चीनमधील चेंगदू येथें भरलें. पुढें जानेवारी २०२४ मध्यें मतांचे आंकडे प्रसिद्ध झाले, तेव्हां असें दिसलें कीं आर. एफ. क्वांग यांच्या ‘बॅबेल’ या कादंबरीसारख्या कांहीं कृति पुरेशीं मतें मिळूनही ‘अपात्र’ ठरविल्या गेल्या होत्या. कारण एका शब्दानेंही दिलें नव्हतें. नंतर उघड झालेल्या पत्रव्यवहारावरून कळलें कीं चालकांपैकीं कांहींनीं लेखकांच्या राजकीय मतांची टिपणें तयार केलीं होतीं. यावर मोठा गहजब झाला आणि संबंधितांना पदें सोडावीं लागलीं. येथें दाराशीं कोणी उभा नव्हता, कोणी हात धरून अडविलें नाहीं. कागदावरचें नांव तेवढें गळलें. त्यांतून एक सुधारणा मात्र झाली. २०२४ चें अधिवेशन ग्लासगो येथें भरलें. तेथील चालकांनीं ३७७ मतें बनावट म्हणून बाद केलीं, तेव्हां तीं कां बाद केलीं हें त्यांनीं निकालापूर्वींच जगजाहीर केलें. वगळणें कधीं कधीं आवश्यक असतें. पण तें कारण देऊन व उजेडांत व्हावें, एवढा धडा त्यांनीं घेतला.

आपल्याकडे हे पाश्चात्य धर्तीचे मेळावे फेब्रुवारी २०११ मध्यें दिल्लीस सुरू झाले व मग मुंबईसही आले. परंतु पुस्तकांवर प्रेम करणाऱ्यांनीं एकत्र जमण्याची कल्पना मराठी माणसाला नवी नाहीं. न्यायमूर्ति रानडे यांच्या अध्यक्षतेखालीं पुण्यास १८७८ मध्यें पहिली ग्रंथकार सभा भरली, म्हणजे न्यूयॉर्कच्या अधिवेशनापूर्वीं साठाहून अधिक वर्षें. आणि आपल्या या परंपरेच्या दाराशींही एक प्रसंग उभा आहे. १८८५ च्या सभेचें निमंत्रण आलें असतां जोतीराव फुले यांनीं तें स्वीकारलें नाहीं. ज्यांच्या सभांत व पुस्तकांत आमच्या दुःखाला जागा नाहीं, त्यांच्यांत मिसळण्यांत आम्हांला अर्थ दिसत नाहीं, अशा आशयाचें उत्तर त्यांनीं पाठविलें. तेथें दार बंद नव्हतें, निमंत्रणही होतें; तरी आंत गेल्यावर आपण तेथले ठरूं असा विश्वास नव्हता. दार उघडें असणें आणि आंत जागा असणें या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हें त्या पत्रानें शिकविलें.

याच्या जोडीला एक आनंदाची आठवणही आहे. १९७४ मध्यें मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेंत ‘कृष्णविवर’ या कथेला पारितोषिक मिळालें. लेखकाचें नांव होतें नारायण विनायक जगताप. हे जगताप म्हणजे विख्यात खगोलशास्त्रज्ञ जयंत विष्णु नारळीकर. आपल्या नांवाचा दबाव परीक्षकांवर पडूं नये म्हणून त्यांनीं नांवाचीं आद्याक्षरें उलटीं करून हें टोपणनांव घेतलें होतें. मोठा मनुष्य आपलें मोठेपण बाहेर ठेवून सामान्य स्पर्धकांच्या रांगेंत उभा राहिला. हेच नारळीकर २०२१ मध्यें नाशिकच्या मराठी साहित्यसंमेलनाचे अध्यक्ष झाले, जरी प्रकृतीमुळें त्यांना तेथें जातां आलें नाहीं. विज्ञानकथा म्हणजे पोरखेळ समजणाऱ्या काळांतून ती संमेलनाच्या अध्यक्षपदापर्यंत पोंचली.

तेव्हां मेळाव्यांविषयीं लोकांच्या आवडीनिवडीचा हिशेब मांडला तर तो कांहींसा असा होतो. रांगा, खर्च, गोंगाट, सर्दी हीं गाऱ्हाणीं खरीं आहेत. परंतु त्यांच्यापायीं जाणें सोडणारे थोडे. आपल्याकडच्या यात्रेंतही पाय दुखतात व खिसा रिकामा होतो, म्हणून कोणी यात्रा टाकीत नाहीं. मनुष्य कायमचा दुरावतो तो दुसऱ्याच कारणानें: ज्यांना आपले मानलें त्यांनीं आपल्याला आपलें मानलें नाहीं, या कारणानें. आणि तो पुनः पुनः येतो तेंही उलट बाजूनें त्याच कारणासाठीं. म्हणून जे कोणी असें संमेलन, मंडळ किंवा साधें वाचनालय चालवीत असतील, त्यांनीं व्यासपीठाच्या सजावटीपेक्षां दाराकडे अधिक लक्ष द्यावें. दाराशीं बिचकत उभा असलेला पोरगा उद्यांचा ब्रॅडबरी असेल किंवा नसेल; ‘या, बसा, तुम्ही काय वाचतां?’ एवढा प्रश्न ऐकण्यासाठीं मात्र तो दुरून आलेला असतो.